अजिंठ्याच्या नकला : काय ठेवायचे, काय सोडायचे?

प्रयोगशाळेतला प्रयोग बिघडला तर तो पुन्हा करता येतो. भित्तिचित्रांच्या अभ्यासात ही सोय नाही. गिलावा सुटतो, ओल चढते, रंगाचे पापुद्रे गळतात. त्यामुळे अमुक वर्षी चित्र कसे दिसत होते, ही नोंद एकदाच घेता येते. अशा नोंदी साचत जातात आणि मग त्यांतल्या कोणत्या जपायच्या, असा प्रश्न येतो. सगळे ठेवायला ना जागा असते, ना पैसा. हा निर्णय किती नाजूक असतो, ते अजिंठ्याच्या उदाहरणावरून चांगले कळते.

मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. पुढे अनेक वर्षे खपून त्यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतील (आजचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून काम नव्याने सुरू केले. १८८५ पर्यंत सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. तेही लंडनला गेले आणि १८८५ मध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नष्ट झाले. उरलेले आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून नंतर गळून गेलेले काही भाग आता त्या कॅनव्हासवरच पाहायला मिळतात.

पण नकल म्हणजे निव्वळ निरीक्षण नव्हे. काळवंडलेल्या भिंतीसमोर बसलेला चित्रकार काही पाहतो आणि काही अंदाजाने भरतो. ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलचित्रणात तयार झालेले होते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदर आदी चित्रकारांनी पुन्हा नकला केल्या, तेव्हा हात वेगळे होते आणि नजरही वेगळी होती. एकाच प्रसंगाच्या दोन नकला शेजारी ठेवल्या की जे दोन्हींत सारखे आहे ते बहुधा भिंतीवरचे, आणि जिथे फरक आहे तिथे एकतर चित्रकाराचा हात दिसतो किंवा मधल्या काळातली झीज. भौतिकशास्त्रात आपण एकच माप दोन उपकरणांनी घेतो, तसेच हे. म्हणून एकाच चित्राच्या दोन नकलांपैकी एक ‘जादा’ म्हणून काढून टाकणे चूक ठरेल. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती मात्र खरोखरच जादा असतात. त्यांतली एक दुसऱ्या गावी पाठवावी हे उत्तम. गिल यांच्या नकलांना अशी दुसरी प्रत नव्हती.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते किरकोळ वाटणाऱ्या कागदांकडे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग पक्के करताना लाखेचे रोगण वापरले. काळाच्या ओघात हे थर पिवळे-तपकिरी पडले. ते काढू पाहणाऱ्या रसायनतज्ज्ञाला कोणती राळ होती, कशात विरघळवली होती, कुठल्या भिंतीवर किती हात दिले, हे हवे असते. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते, जुनी झालेली तशी विरघळत नाही. अशा वेळी सामान खरेदीची साधी पावतीही एखाद्या देखण्या नकलेपेक्षा मोलाची ठरते, असे मला वाटते.

आता कॅमेरा संगणकीय आहे, म्हणून निवडीची कटकट संपली असे वाटेल. हिशेब करून पाहा. १० मीटर लांब आणि ४ मीटर उंच भिंत आहे आणि ०.१ मिलिमीटरचा तपशील हवा आहे. म्हणजे आडवे १ लाख आणि उभे ४० हजार बिंदू, एकूण ४०० कोटी. प्रत्येक बिंदूला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला २ बाइट धरले तर २,४०० कोटी बाइट, म्हणजे २४ गिगाबाइट होतात. ही झाली एका भिंतीची, एका वेळची, दृश्य प्रकाशातली नोंद. अवरक्त आणि अतिनील प्रकाशातली छायाचित्रे वेगळी. तुकडे जोडण्याचे पाच-सहा प्रयत्न होतात, त्यांतला प्रत्येक तेवढीच जागा खातो.

इथे काय पुसता येईल? जोडणीचे फसलेले प्रयत्न खुशाल पुसावेत, कारण मूळ तुकडे आणि जोडण्याची रीत लिहिलेली असली तर जोडणी पुन्हा करता येते. मूळ तुकडे मात्र पुसू नयेत. दिव्याचा प्रकार, तारीख, भिंतीपासूनचे अंतर आणि चौकटीत ठेवलेली रंगपट्टी यांची नोंद नसेल, तर उत्तम छायाचित्राचाही मोजमापासाठी उपयोग नाही. त्यातला निळा रंग भिंतीचा की दिव्याचा, हे कसे ठरवणार?

गावातल्या देवळात किंवा वाड्यात जुनी चित्रे असतील तर वरच्या वर्गातल्या मुलांना ही निवड करायला देता येईल. भिंतीला हात न लावता, पुजाऱ्यांची किंवा मालकांची परवानगी घेऊन छायाचित्रे काढावीत. शेजारी मोजपट्टी आणि रंगीत कागदाची एकच ठरलेली पट्टी धरावी. नंतर शंभरातली वीसच ठेवायची असे सांगावे आणि प्रत्येक सोडलेल्या छायाचित्रापुढे सोडण्याचे कारण वहीत लिहायला लावावे. ती वही छायाचित्रांबरोबरच ठेवावी, आणि दोन्हींची एक प्रत शाळेबाहेर.