सत्ताविसावा सामना

नवापूर रेल्वे स्थानकात महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा फलाटावरूनच जाते. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. २१ मे २०२३च्या रात्री त्या बाकाच्या एका टोकाला आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सचा चाहता आणि दुसऱ्या टोकाला गुजरात टायटन्सचा चाहता बसला असता, तर दोघांनाही गुजरातसाठीच टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या. त्या दुपारी वानखेडेवर मुंबईने हैदराबादविरुद्ध २०१ धावांचं लक्ष्य गाठलं होतं, कॅमेरून ग्रीनने शतक ठोकलं होतं आणि मुंबईचे १६ गुण झाले होते. तरीही प्लेऑफचं दार उघडलेलं नव्हतं. बेंगळुरूचे गुण १४ होते आणि समान गुण झाले की क्रम ठरवणारी धावगती मुंबईपेक्षा सरस होती. त्यांनी रात्रीचा सामना जिंकला असता तर मुंबई घरी गेली असती. विराट कोहलीने नाबाद १०१ धावा केल्या, पण शुभमन गिलने नाबाद १०४ धावांनी त्याला उत्तर दिलं. गुजरात जिंकला आणि मुंबई चौथ्या स्थानावरून आत शिरली. पाचच दिवसांनी, २६ मे रोजी, त्याच गिलने अहमदाबादेत १२९ धावा कुटून मुंबईला स्पर्धेबाहेर काढलं.

आपल्या संघाचं नशीब दुसऱ्यांच्या सामन्यावर टांगलेलं असणं ही दर हंगामातली गोष्ट आहे. एप्रिल संपत आला, सहा-सात सामने हातचे गेले, की वर्तमानपत्रांत ‘जर-तर’ सुरू होतं. अमुक जिंकला तर, तमुक हरला तर, पाऊस आला तर. चाहता त्या ओळी वाचून कधी उभारी धरतो, कधी सुस्कारा टाकतो. पण या जर-तरच्या पोटात दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. आपला संघ पुढे जाऊ शकतो का, हा पहिला. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं ठाम असतं आणि ते गणिताने काढता येतं. पुढे जाण्याची शक्यता किती, हा दुसरा. त्याचं उत्तर अंदाजानेच द्यावं लागतं. ‘अजून संधी आहे’ हे वाक्य पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि आपण ते दुसऱ्याचं समजून ऐकतो. चाहत्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

पहिला प्रश्न वरवर सोपा वाटतो. आपल्या संघाचे गुण घ्या, उरलेले सगळे सामने जिंकले असं धरा, बेरीज करा आणि ती वरच्या संघाच्या आजच्या गुणांशी ताडून पाहा. बेरीज जास्त भरली तर आशा जिवंत! हा हिशेब चुकतो. तो कसा चुकतो याचं सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलचं आहे. तिथे प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो आणि सामना शक्यतो अनिर्णित सोडत नाहीत, म्हणून हिशेब स्वच्छ राहतो.

३० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात न्यूयॉर्कचे ७५ विजय होते, बाल्टिमोरचे ७१, बोस्टनचे ६९, टोरंटोचे ६३. तळाला डेट्रॉइट, ४९ विजयांवर. डेट्रॉइटचे २७ सामने उरले होते. सगळे जिंकले असते तर विजय झाले असते ७६. न्यूयॉर्कच्या ७५ पेक्षा एक जास्त. म्हणजे कागदावर तरी विभागात पहिलं येण्याची संधी होती, असं कुणीही म्हणेल.

आता उरलेल्या चौघांकडे पाहा. डेट्रॉइटला किमान बरोबरीने पहिलं यायचं असेल, तर चौघांपैकी कुणीही ७६च्या पुढे जाता कामा नये. म्हणजे न्यूयॉर्कने यापुढे फार तर १ सामना जिंकावा, बाल्टिमोरने ५, बोस्टनने ७, टोरंटोने १३. बेरीज २६. पण या चार संघांचे आपापसांतले सामनेच २७ उरले होते! आपापसांतल्या सामन्यात कुणी ना कुणी जिंकणारच. सव्वीस विजय कसेही वाटले, तरी सत्ताविसावा कुणाच्या तरी पदरात पडणार आणि तो संघ ७७वर जाणार. डेट्रॉइटने एकही चेंडू न सोडता सगळं जिंकलं असतं, बाकीचे चौघे बाहेरच्या सगळ्या संघांकडून हरले असते, तरी पहिलं स्थान मिळणार नव्हतं. गुणतक्त्याकडे नुसतं पाहून हे कळत नाही. कुणाचा सामना कुणाशी उरलाय, हे वेळापत्रक शेजारी ठेवावं लागतं.

बेंजामिन श्वार्ट्झ या गणितज्ञाने १९६६ साली हा प्रश्न नीट मांडला आणि त्याच्या उत्तरासाठी जे हत्यार उचललं ते रेल्वेच्या प्रश्नातून आलेलं होतं. पन्नाशीच्या दशकात अमेरिकी संशोधक सोव्हिएत रेल्वेच्या जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल वाहून नेता येईल याचा हिशेब करत होते. त्यातून १९५६मध्ये लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुलकर्सन यांनी ‘महत्तम प्रवाहा’ची पद्धत दिली. सुरत–जळगाव मार्गाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. सुरतेहून वाघिणी निघाल्या आहेत आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या प्रत्येक स्थानकात ठरावीक वाघिणीच रिकाम्या करता येतात. उरलेला प्रत्येक सामना म्हणजे एक वाघीण, तिच्यातला माल म्हणजे एक विजय, आणि प्रत्येक संघ म्हणजे मर्यादित जागेचं एक स्थानक. एक अट मात्र आहे: वाघीण तो सामना खेळणाऱ्या दोन संघांपैकीच एकाकडे रिकामी झाली पाहिजे. सगळ्या वाघिणी रिकाम्या झाल्या तर आपल्या संघाची आशा जिवंत. एक जरी रुळावर अडकून राहिली, तर संपली. डेट्रॉइटची सत्ताविसावी वाघीण अशीच अडकली होती.

असे प्रश्न ज्या मोठ्या कुळात मोडतात, त्याला रेषीय नियोजन म्हणतात. कारखान्याचं उत्पादन, विमानांची वेळापत्रकं, मालवाहतूक हे सगळं त्यात येतं. त्या कुळातले प्रचंड मोठे प्रश्न झपाट्याने सोडवण्याची नवी पद्धत १९८४ साली एका मराठी माणसाने जगाला दिली. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. ‘करमरकर अल्गोरिदम’ हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्या शाळांमध्ये ते फारसं ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते.

आयपीएलमध्ये पहिलं यायचं नसतं, पहिल्या चारांत यायचं असतं. त्यामुळे हिशेबाला आणखी एक पायरी लागते. आपल्या पुढे तीन संघ गेले तरी चालतात. मग कोणते तीन जाऊ द्यायचे? उरलेल्या नऊ संघांतून तीन निवडण्याचे प्रकार ८४. प्रत्येक प्रकारात त्या तिघांना बाकीच्यांविरुद्ध सगळे सामने जिंकू द्यायचे आणि मग राहिलेल्या सहा संघांच्या वाघिणी रिकाम्या होतात का पाहायचं. ८४पैकी एका जरी प्रकारात हिशेब जमला, तर आशा जिवंत. संगणकाला हे काम क्षणाचं आहे. फुटबॉलमध्ये मात्र विजयाला ३ गुण आणि बरोबरीला दोघांना प्रत्येकी १ गुण देतात, म्हणजे सामन्यातून वाटल्या जाणाऱ्या गुणांची बेरीज कधी ३ तर कधी २. एवढ्या एका नियमाने सगळं बिघडतं. १९९९मध्ये संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की या नियमाखाली ‘आमचा संघ अजून पहिला येऊ शकतो का’ हा प्रश्न सर्वसाधारण रूपात अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात जातो. त्या वर्गातल्या प्रश्नांसाठी झटपट पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही. आपल्याकडे प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, पुणेरी पलटण विजेती ठरली तेव्हा, विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्यालाही १ गुण होता. तिथे जर-तर मांडायला बसलेल्याला फुटबॉलवाल्यांचं दुःख कळेल.

आता दुसरा प्रश्न, शक्यतेचा. २०२४मध्ये बेंगळुरूने पहिल्या आठ सामन्यांत एकच जिंकला होता. आठवा तर कोलकात्याकडून एका धावेने गेला, २२२ला २२१. तेव्हा संघ ‘गणिताने जिवंत’ होता, पण किती जिवंत? उरलेले सहाही सामने जिंकले तर कसेबसे १४ गुण. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला तर सलग सहा विजयांची शक्यता ६४त १, म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. संघ चांगला आहे असं मानून प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली तरी पाच टक्क्यांच्या आत. बेंगळुरूने सहाही जिंकले. शेवटच्या सामन्यात, १८ मे रोजी, चेन्नईवर निदान १८ धावांनी मात करायची होती. त्यांनी २७ धावांनी केली. दोघांचेही १४ गुण झाले आणि धावगती ठरली बेंगळुरूची ०.४५९, चेन्नईची ०.३९२.

असे चमत्कार आपल्या लक्षात राहतात. मुंबईचेही आहेत. २०१५मध्ये पहिल्या सहांत एकच विजय, मग आठांत सात आणि शेवटी विजेतेपद. २०२५मध्ये पहिल्या पाचांत एक, मग सलग सहा. पण २०२२मध्ये मुंबई पहिले आठही सामने हरली आणि तळाला राहिली. तो हंगाम कुणी आठवणीने सांगत नाही. दीड टक्क्याची आशा म्हणजे चौसष्टांत त्रेसष्ट वेळा निराशा, आणि त्या त्रेसष्टांची गोष्ट कुणी लिहीत नाही.

मग वाईट सुरुवात म्हणजे वाईट संघ का? इथे सामन्यांची संख्या फार महत्त्वाची ठरते. अगदी मध्यम ताकदीचा, प्रत्येक सामन्यात जिंकण्या-हरण्याची समान शक्यता असलेला संघ घ्या. आठ सामन्यांत एक किंवा शून्य विजय मिळण्याची शक्यता २५६त ९, साडेतीन टक्के. एका संघासाठी हे दुर्मीळ आहे. पण आयपीएलमध्ये दहा संघ आहेत, म्हणजे सगळे असेच मध्यम धरले तर ढोबळमानाने तीन हंगामांत सरासरी एकदा एखादा बरा संघ निव्वळ दुर्दैवाने अशा गाळात रुततो. सात सामन्यांत असा संघ सरासरीपासून सहज एक-दीड विजय इकडेतिकडे होतो, आणि सातांत दीड म्हणजे टक्केवारीत फार मोठी उडी. बेसबॉलच्या अर्ध्या हंगामात ८१ सामने झालेले असतात. तिथे दैवाची ओढाताण साधारण साडेचार विजयांची, पण ८१च्या तुलनेत ती साडेपाच टक्केच. म्हणून अमेरिकेत जुलैमध्ये दहा विजयांनी मागे पडलेल्या संघाच्या चाहत्याने आशा सोडली तर ते बहुधा योग्य असतं. आयपीएलच्या अर्ध्यावर तसा निकाल देणं घाईचं ठरतं. चौदा सामन्यांची स्पर्धा संघाची खरी ताकद मोजायला फार आखूड आहे. मजा त्यातूनच येते, पण त्यावरून प्रशिक्षकाची गच्छंती करणं किंवा कर्णधाराला शिव्या घालणं हा अन्याय आहे.

वाहिन्यांवर दिसणारे ‘प्लेऑफची शक्यता ३७ टक्के’ असे आकडे बहुधा मॉन्टे कार्लो पद्धतीने काढतात. ती स्टानिस्लाव उलाम यांना १९४६ साली आजारपणात पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडताना सुचली. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजावेत, असं त्यांच्या मनात आलं. आयपीएलच्या ७० सामन्यांपैकी ३५ उरले असतील तर निकालांचे प्रकार सुमारे ३,४३६ कोटी होतात. ते सगळे तपासण्याऐवजी संगणक उरलेला हंगाम हजारो वेळा खेळवून पाहतो आणि आपला संघ किती वेळा पहिल्या चारांत आला ते मोजतो. हा आकडा ऐकताना प्रत्येक सामन्यात कुणाची ताकद किती धरली, हे विचारायलाच हवं. तिथे चूक झाली तर हजारो फेऱ्या करूनही उत्तर चुकीचंच येणार.

राहिली धावगती. २५ मे २०१४, वानखेडे. राजस्थानच्या १८९ धावा. प्लेऑफसाठी मुंबईला १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या, म्हणजे १४ षटकं आणि ३ चेंडूंत, साडेचौदा षटकांत. षटकांचा दशांश नेहमीचा नसतो, इथे शाळकरी पोरंच काय, मोठी माणसंही अडखळतात. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ केल्या, पण १४.३ला धावफलक १८९वर थांबला. सगळं संपलं असं वाटत असतानाच हिशेब पुन्हा झाला: पुढच्याच चेंडूवर चौकार गेला तर एक चेंडू जास्त लागूनही धावा १९३ होतील आणि धावगती राजस्थानच्या वर जाईल. आदित्य तरेने जेम्स फॉकनरला षटकार मारला. तो चेंडू सीमेपार जाण्याआधी मुंबईच्या तंबूत कुणीतरी भागाकार केला होता.

नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर, नंदुरबार जिल्ह्याच्या या सहाही तालुक्यांतल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. आयपीएलचा उत्तरार्ध मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. पोरं सामने बघतातच. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला गुणतक्ता आणि उरलेलं वेळापत्रक कापून वहीत चिकटवायला सांगा आणि डेट्रॉइटसारखा हिशेब त्यांच्याकडून करून घ्या: कुणाला किती विजय परवडतात, आपापसांतले सामने किती उरलेत, वाघीण अडकते की सुटते. बेरीज-वजाबाकीपलीकडे काहीही लागत नाही. तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेत आठ संघांची साखळी असेल तर तीही चालेल.