दुधनेचं पाणी: किती, आणि कधी?

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचं धरण आहे. धरणाखाली नदीत सोडलेलं पाणी वाया गेलं, असं सर्रास म्हटलं जातं. दुष्काळ सोसलेल्या मुलखात तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण नदीचाही वाटा असतो. त्याला पर्यावरणीय प्रवाह (नदीतले जीव जगावेत म्हणून वाहतं ठेवायचं पाणी) म्हणतात.

हा वाटा म्हणजे वर्षाकाठी ठरावीक पाणी सोडणं, असा समज आहे. तो अपुरा आहे. मृगात दडी मारलेला पाऊस दिवाळीत भरपूर पडला, तर सरासरी गाठली जाते, सोयाबीन हाती लागत नाही. माशांचंही तसंच. अनेक देशी मासे पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यावर प्रवाहाविरुद्ध चढतात. वाढतं, गढूळ, गार पाणी ही त्यांना अंडी घालण्याची खूण असते. अंड्यांनी पोट फुगलेल्या माद्या इतक्या उथळ पाण्यात शिरतात, की त्यांच्या पाठी वर दिसतात. धरण नेमका हाच पहिला पूर अडवतं. ते भरून दरवाजे उघडेपर्यंत विणीचा हंगाम बहुधा सरलेला असतो.

जलाशयात रोहू-कटल्याचं बीज सोडल्याने मासेमारी चालते, खालच्या नदीतली वीण परत येत नाही. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून डबक्यातही तग धरते. वाहत्या पाण्याच्या माशांना ते जमत नाही. जूनच्या सुरुवातीला थोडं पाणी सोडणं आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) वेळेत काढणं, एवढं तरी व्हायलाच हवं.