चर्मबाहुल्यांचा पडदा आणि सीमाभागातील मुले

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे महाराष्ट्र व तेलंगणाच्या सीमेला चिकटून आहेत. बिदरमधील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते. शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड शिकावी लागते. 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने ती राज्यातील सर्व शाळांत पहिली ते दहावीपर्यंत आवश्यक केली आहे. बाजारात दखनी उर्दू असते, तांड्यावर लमाणी असते आणि तेलंगणाच्या बाजूने तेलुगू येते. अशा मुलांसमोर नाटक करायचे तर कोणत्या भाषेत करावे, हा प्रश्न नाट्यकर्मींना पडतो. त्याचे एक उत्तर याच कल्याण-कर्नाटक विभागात फार जुन्या काळापासून उपलब्ध आहे. ते म्हणजे ‘तोगलु गोंबेयाट’, अर्थात चर्मबाहुल्यांचे छायानाट्य.

येथील भूमीला अशा कलांचे वावडे कधीच नव्हते. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही त्यातील नोंद मराठीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. चित्रांच्या साह्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथींचाही निर्देश त्याच ग्रंथात सापडतो. आपल्याला हा धागा दूरचा वाटण्याचे कारण नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीच्या पुढे कुडाळजवळच्या पिंगुळीत गेले की ठाकर समाजातील कलावंत आजही चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे तिन्ही प्रकार सांभाळून असल्याचे दिसते. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा गोव्यातही त्यांचे कौतुक झाले.

कर्नाटकातील चर्मबाहुल्यांचा खेळ प्रामुख्याने शिळ्ळेक्यात अथवा किळ्ळेक्यात समाजाकडे आहे. त्यांची ठळक केंद्रे कोप्पळ आणि बळ्ळारीकडची; कलबुर्गीच्या शेजारच्या विजापूर भागात याच समाजाला ‘कटबू’ असेही म्हणत. हे लोक खेळ कन्नडमध्ये करतात, परंतु घरात बोलतात ती मराठीशी नाते सांगणारी, कन्नड शब्दांनी भरलेली बोली. आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले, असे ते सांगतात. आंध्रातील ‘तोलु बोम्मलाट’ करणाऱ्या अनेक घराण्यांची, तसेच तमिळनाडूतील छायाबाहुलीकारांची घरची बोलीही मराठीच्याच कुळातील आहे. म्हणजे दक्षिणेतील तीन राज्यांत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारत पडद्यावर हलविले, त्यांतील कितीतरी कलावंत दिवे मालवल्यावर आपापसांत मराठीसारखेच काही बोलत होते. मराठी नाट्येतिहासाने या गोष्टीची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खेळाची रचना साधी, पण तिचे शास्त्र सूक्ष्म आहे. कातडे खरवडून, ताणून, वाळवून इतके पातळ केले जाते की त्यातून उजेड आरपार यावा. त्यावर आकृती कापतात, दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या जागी बारीक छिद्रे पाडतात आणि मग रंग भरतात. पुठ्ठ्याच्या बाहुलीची सावली काळी पडते. चर्मबाहुलीची सावली मात्र रंगीत असते, कारण प्रकाश तिच्यातून गाळून येतो. बाहुली पडद्याला टेकलेली असताना रेषा स्वच्छ दिसते. ती दिव्याकडे मागे नेली की आकृती मोठी आणि धूसर होते. राक्षसाचे अक्राळविक्राळ रूप किंवा मारुतीचे वाढत जाणे दाखविण्यास एवढी हालचाल पुरते. पाचवी-सहावीच्या विज्ञानातील प्रकाशाचा धडा याहून चांगल्या रीतीने शिकविता येईल, असे वाटत नाही. बाहुल्यांचे आकारही अर्थपूर्ण असतात. राजा आणि देव मोठे, सेवक आणि सामान्य जन लहान. पूर्वी एरंडेल तेलाचा दिवा असे, नंतर विजेचा बल्ब आला. ज्योत थरथरली की चित्रही श्वास घेते. बल्बने ते गेले, हे खरेच.

मुलांच्या दृष्टीने मात्र खेळाचा प्राण रामात किंवा अर्जुनात नसून विदूषकात असतो. किळ्ळेक्यात हे नाव त्या समाजाचे, तसेच पडद्यावरील या पात्राचेही. काळा, ढेरपोट्या, विस्कटलेल्या केसांचा हा प्राणी आपली बायको बंगारक्का हिच्यासह कथेत वाटेल तेथे घुसतो, भांडतो, खातो, मार खातो आणि पुढे बसलेल्या गावकऱ्यांना बोलही लावतो. राजाचे संवाद परंपरेने ठरलेले असतात, विदूषकाचे नसतात. गावचा पाऊस, बाजारभाव, पुढाऱ्याचा रुबाब, सारे त्याच्या तोंडी येऊ शकते, आणि समोर ज्या भाषेचा प्रेक्षक असेल त्या भाषेची फोडणीही त्याला देता येते.

येथेच बालरंगभूमीची अडचण सुरू होते. मूळ खेळ रात्रभर चालणारा, प्रौढांचा आणि अनेकदा पावसासाठी केलेला. विदूषकाचा विनोद चांगलाच ग्राम्य. शाळेत तासाभराचा प्रयोग करायचा म्हटले की प्रथम त्याच्यावरच कात्री चालते. मग उरते ती सुबक, सोज्ज्वळ पौराणिक कथा, आणि पुष्कळदा संवादही ध्वनिमुद्रित. यात बाहुली शाबूत राहते, खेळ मात्र हरवतो. अश्लीलता वगळणे योग्यच आहे. पण विदूषकाचा आगाऊपणा आणि तत्क्षणी सुचलेले उत्तर वगळले तर मूल पडद्याकडे का पाहील? हलती चित्रे त्याच्या हातातील मोबाइलवर याहून अधिक सफाईदार असतात. मुलाने पडद्याला प्रश्न विचारावा आणि पडद्याने उलट टोला द्यावा, हे मोबाइलवरच्या चित्रपटात घडत नाही.

परंपरा बदलू शकते, याचे दाखले याच विभागात आहेत. बळ्ळारीचे बेळगल्लु वीरण्णा यांनी पुराणकथांच्या जोडीला स्वातंत्र्यलढा आणि महात्मा गांधी हे विषय चर्मबाहुल्यांच्या पडद्यावर आणले. 2023 मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचे वय 96 होते. गावोगावी फिरणाऱ्या घराण्यातील या बाईंनी आपली कला परदेशांतही नेली. मात्र इतक्या उतारवयात झालेला गौरव पुढच्या पिढीच्या पोटापाण्याची हमी देत नाही.

बिदर-कलबुर्गीच्या मराठी शाळांसाठी या कलेत आणखी एक सोय दडलेली आहे. राजा कन्नडमध्ये बोलेल, विदूषक त्याचे चुकीचे मराठी भाषांतर करील, बंगारक्का दखनीत त्याला दटावील, अशी संहिता उभी राहू शकते. न कळलेल्या शब्दाला मूल येथे घाबरत नाही, कारण पडद्यावरचा ढेरपोट्यालाही तो कळलेला नसतो. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र शिक्षणातील बाहुलीनाट्याचे प्रशिक्षण शिक्षकांना देते. कलबुर्गीत रंगायणाची शाखाही आहे. घराण्यातील कलावंत, शिक्षक आणि प्रशिक्षित नट एकत्र बसले तर अशी संहिता लिहिण्यास फार मोठा खर्च येऊ नये.

व्यवहाराच्या अडचणी निराळ्या. हरणाच्या कातड्याच्या जुन्या बाहुल्या घराण्यांत जपलेल्या असल्या, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते कातडे नव्याने वापरता येत नाही. काम शेळीच्या कातड्यावर चालते. ते कमावून बाहुली पुरी होईपर्यंत बरेच दिवस जातात, म्हणून शाळेतील मुलांच्या हाती सुरुवातीला रंगीत पारदर्शक कागद चिकटविलेला पुठ्ठा देणेच शहाणपणाचे. शिवाय छायेला अंधार लागतो, आणि शाळा भरते दिवसा. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून वेळ निभावता येते. पण स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी, अंगणात धोतराचा पडदा ताणून, आईबाप आणि आजीआजोबाही मागे बसलेले असताना केलेला प्रयोग अधिक रंगेल.