दोन काटे दोन गोष्टी सांगतात तेव्हा

आमच्या बागलाणात, सटाण्याच्या शिवारात प्रेशर म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या फिल्टरआधी एक आणि फिल्टरनंतर एक असे दोन मीटर असतात. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की शेतकरी फिल्टर धुवायला उठतो. मी नोकरीची वर्षं मुंबई हायच्या समुद्रात, रिगवरच्या उपकरणांच्या देखभालीत काढली. तिथलंही माझं काम मुळात हेच होतं. काटे वाचायचे, दोघांत फरक का पडला ते शोधायचं. फक्त तिथे फरकाकडे काणाडोळा केला तर माणसं जातात.

मुंबई हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला तिथे पहिल्यांदा तेल सापडलं. २०१५ साली पुन्हा छापायला घेतलेल्या एक रुपयाच्या नोटेवर याच रिगचं चित्र आहे. तिथलं मुख्य तेल साधारण १३०० ते १४०० मीटर खोलीवरच्या चुनखडीत सापडतं. त्या थरांच्या पार तळाशी बऱ्याच ठिकाणी आपल्या बागलाणातल्यासारखाच काळा बेसाल्ट लागतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आपल्याकडे बोअर मारताना कॉम्प्रेसरची हवा आत सोडतात आणि भुगा बाहेर फेकतात. तेलविहिरीत असं चालत नाही. खालच्या खडकातलं तेल, वायू, पाणी आधीच दाबाखाली असतं आणि वाट मिळाली की वर झेपावतं. त्याला अडवून धरतो तो मड, म्हणजे पाण्यात माती आणि बराइटची पूड कालवलेला जड राडा. दहा मीटर पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतो. पाण्याच्या १.२ पट जड मड २००० मीटर उभा असेल, तर तळाशी २४० किलोचा दाब पडतो. हा दाब खडकातल्या दाबापेक्षा थोडा जास्त हवा. फार जास्त झाला तर चुनखडी फाटते आणि मड त्या भेगांत निघून जातो. मग विहिरीतली पातळी खाली जाते, दाब घटतो आणि वायू आत शिरतो. जास्त सुरक्षित राहू म्हणून मड जड करत सुटणाऱ्यालाही विहीर सोडत नाही.

आता हा दाब मोजायचा कसा? काट्याच्या डबीत वाकवलेली पोकळ नळी असते. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या युजेन बूर्दाँनं १८४९मध्ये शोधलेली ही युक्ती आजही रिगवर आहे. पण मड त्या नळीत गेला तर वाळून बसतो, आणि काटा ज्या आकड्यावर अडकला तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून मडच्या आणि नळीच्या मध्ये रबरी पडदा बसवतात. पडद्यापलीकडे स्वच्छ तेल भरलेलं असतं. त्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर काटा आळशी होतो. मड पंपाच्या प्रत्येक ठोक्याला काटा थरथरतो, म्हणून डबीत ग्लिसरीन घालतात. पंपाच्या तोंडाशी नायट्रोजन भरलेला डॅम्पनर असतो, तो ठोके गिळतो. डॅम्पनरमधला नायट्रोजन उतरला की सगळी पाइपलाइन हादरायला लागते. पंप बंद करून दाब सोडल्यावर काटा शून्यावर येतो की नाही, हे पाहायला मिनिटही लागत नाही. माझ्या मते रिगवरची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी हीच.

आत वायू शिरला की त्याला किक म्हणतात. टाकीतला मड वाढतो आणि पंप थांबवला तरी विहीर वाहत राहते. तेव्हा ड्रिलर ब्लोआउट प्रिव्हेंटर मिटवतो. ही विहिरीच्या तोंडावरची पोलादी दारं. ती हलवायला जो तेलाचा दाब लागतो, तो कूमी युनिटच्या बाटल्यांत आधीच साठवलेला असतो. आधी नायट्रोजन १००० पीएसआयपर्यंत (पाउंड प्रति चौरस इंच), मग तेल ३००० पीएसआयपर्यंत. वीज गेली, पंप मेले, तरी दारं मिटली पाहिजेत, यासाठी ही सोय.

विहीर बंद झाली की दोन काटे बोलू लागतात, एक ड्रिल पाइपचा आणि दुसरा पाइपभोवतीच्या मोकळ्या जागेचा. वरच्या उदाहरणात पाइपवर २० किलो दिसले, तर मड १.२ वरून १.३ करावा लागतो. पुढचं सगळं काम या एका आकड्यावर उभं असतं. वायू मोकळ्या जागेतून वर येताना त्याला फुगायला जागा द्यावी लागते. कोंडलेला राहिला तर तो तळाचा दाब तसाच वर घेऊन येतो. म्हणून चोक नावाची झडप हळूहळू उघडत, काट्यांवर नजर ठेवत त्याला बाहेर काढतात. तासन्‌तास चालणारं हे काम हातघाईनं होत नाही.

आकडा हाताशी असूनही माणूस त्याला नाकारतो, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं आहे. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर विहीर पक्की बंद झाली की नाही, याची चाचणी चालली होती. ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय होते आणि किल लाइन या बाजूच्या नळीवर शून्य. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले, म्हणजे आकडे जुळायलाच हवे होते. तिथल्या लोकांनी त्या फरकाचं काहीतरी स्पष्टीकरण लावलं, चाचणी पास ठरवली आणि काम पुढे नेलं. त्या रात्री ११ माणसं गेली. आपल्याकडे पासरलापुडीची विहीर ८ जानेवारी १९९५ला फुटली आणि पेटली, ती ६५ दिवस जळत होती. आसाममध्ये बागजानची आग २०२०मध्ये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत धगधगली.

बागलाणातून आयटीआय करून रिगवर जाणारी पोरं आता दिसतात, याचा मला अभिमान वाटतो. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे. विहीर बंद करायला ड्रिलरला कुणाची परवानगी मागावी लागत नाही, तो त्याचा अधिकार आहे. दोन काटे जुळत नसतील आणि एक खराब आहे असं वाटत असेल, तर आधी विहीर बंद करा, मग काटा उघडून बघा.