‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ यांमधील रिकामी जागा : युद्ध, पत्नी आणि भाषा

मराठी पत्रलेखनात विवाहितेच्या नावामागे ‘सौ.’ आणि विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. पहिला आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. ही उपपदे स्त्रीचे वर्णन करतात असे वरवर वाटते. वस्तुतः ती तिच्या पतीची स्थिती सांगतात. पती आहे किंवा नाही, एवढाच भेद त्यांत सामावलेला आहे. युद्ध मात्र एक तिसरी अवस्था निर्माण करते. रणात गेलेला पती परतत नाही आणि त्याच्या मृत्यूची खात्रीही पटत नाही. किंवा तो देहाने परततो, पण मनाने परतत नाही. अशा अवस्थेत जगणाऱ्या स्त्रीला भाषेने नाव न दिल्यामुळे तिच्यावर कोणता भार पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पेशव्यांच्या घराण्यातील एक उदाहरण सर्वपरिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले. पराभवाची वार्ता ज्या सांकेतिक पत्रातून दक्षिणेत आली, त्यात मोती, मोहरा व रुपये यांचा हिशेब होता, आणि भाऊसाहेबांची गणना गळालेल्या मोत्यांत झाली होती. स्वारीत बरोबर असलेल्या व रणातून वाचून परतलेल्या पार्वतीबाईंनी हा हिशेब मान्य केला नाही. वैधव्याचे आचार त्यांनी स्वीकारले नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक तोतया उभा राहिला. त्यास १७७६ मध्ये देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ मध्ये निवर्तल्या, त्यानंतरच पतीचे उत्तरकार्य त्यांच्या उत्तरकार्याबरोबर करण्यात आले.

त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, सालबाईच्या तहानंतर कोपरगावी येऊन राहिलेले रघुनाथराव मरण पावले. आनंदीबाईंच्या बाबतीत घटना, विधी आणि शब्द हे तिन्ही तत्काळ जुळले. दुःख त्यांनाही होतेच. परंतु त्यांना काय म्हणावे, याविषयी भाषा अडखळली नाही. त्याच घराण्यातील पार्वतीबाईंपुढे मात्र ती बावीस वर्षे अडखळत राहिली.

ही उणीव आपल्या परंपरेत मूळचीच होती, असे म्हणता येणार नाही. विधवाविवाहाच्या वादात गाजलेल्या पराशरस्मृतीतील वचनात पतीसंबंधीच्या आपत्ती मोजताना ‘नष्ट’ आणि ‘मृत’ हे दोन शब्द वेगळे योजले आहेत. तेथे ‘नष्ट’ म्हणजे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा. मराठीत या शब्दाचा अर्थ ‘नाश पावलेला’ असा झाला, आणि तो भेद पुसला गेला. काव्यशास्त्रातील ‘प्रोषितभर्तृका’ ही संज्ञा प्रवासास गेलेल्या पतीच्या पत्नीची होय. तीत त्याचे परत येणे गृहीत आहे. ‘बेपत्ता’ हा शब्द पतीचे वर्णन करतो. त्याच्या पत्नीसाठी वेगळा शब्द नाही. कायद्याने मात्र मर्यादा घातली आहे : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पती सात वर्षे हयात असल्याचे ऐकिवात नसेल, तर पत्नीस घटस्फोट मागता येतो.

परंतु मन असा काल मोजत नाही. १९७१ च्या युद्धात, ५ डिसेंबर रोजी, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. भारताने बेपत्ता मानलेल्या ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. असे कोणी आपल्या कैदेत नाहीत, अशी पाकिस्तानची भूमिका राहिली. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. २००७ मध्ये अन्य नातेवाइकांसह त्या पाकिस्तानातील तुरुंगांत शोध घेण्यासाठी गेल्या. तेव्हा छत्तीस वर्षे होत आली होती.

अमेरिकेतील पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून या अवस्थेस जी संज्ञा दिली, तिला मराठीत ‘अनिश्चित वियोग’ म्हणता येईल. त्याचे त्यांनी दोन प्रकार मानले : माणूस देहाने नाही पण मनात आहे, आणि देहाने आहे पण मनाने नाही. दुसरा प्रकार परतलेल्या सैनिकाच्या घरातील होय. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला; १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावाच्या विकारास स्वतंत्र स्थान दिले. या विकाराने ग्रस्त सैनिकांच्या संसारांत कलह व हिंसा अधिक आढळते आणि पत्नीचे स्वतःचे मनःस्वास्थ्यही ढळते, असे त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखविले.

मराठी घरात या विकारास बहुधा ‘स्वभाव’ म्हणतात. रात्री दचकून उठणे, मुलांशी न बोलणे, क्षुल्लक कारणाने भडकणे यांचे स्पष्टीकरण ‘हे आता पूर्वीचे राहिले नाहीत’ या एका वाक्यात होते. येथे ‘हे’ या सर्वनामाकडे लक्ष द्यावे. पतीचे नाव न घेणारी स्त्री जवळचे दर्शविणारे सर्वनाम योजते. आणि त्याच वाक्यात तो दूर गेल्याचे सांगते.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. आजार म्हटले की उपचार सुचतो आणि जबाबदारी वैद्याकडे व शासनाकडे जाते. स्वभाव म्हटले की ‘सांभाळून घे’ एवढाच उपदेश उरतो आणि सारा भार पत्नीवर येतो. हुतात्म्याच्या पत्नीस आपण ‘वीरपत्नी’ हे सन्मानाचे नाव दिले, ते योग्यच झाले. परंतु जिचा पती परतला आणि तरीही परतला नाही, तिच्या दुःखासही समाजाने ओळखले पाहिजे. त्या ओळखीची पहिली पायरी म्हणजे ‘स्वभाव’ या शब्दाच्या जागी योग्य शब्द योजणे होय.