नवजात चयापचय तपासणी

वरकरणी निरोगी दिसणाऱ्या बालकाच्या रक्ताचे काही थेंब जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत तपासून आनुवंशिक चयापचय विकार व संप्रेरकांचे जन्मजात दोष शोधण्याच्या पद्धतीला नवजात चयापचय तपासणी असे म्हणतात. यांपैकी अनेक विकारांची लक्षणे दिसू लागेपर्यंत मेंदूची कायमची हानी झालेली असते. म्हणूनच लक्षणांपूर्वी निदान करणे हे या तपासणीचे मुख्य प्रयोजन आहे. तिचा पाया अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री (१९१६–१९९५) यांनी घातला.

पार्श्वभूमी

अन्नातील घटकांचे शरीरात होणारे रूपांतर विकरांच्या साहाय्याने चालते. सदोष जनुकामुळे एखादे विकर तयार झाले नाही, तर एक घटक साचत जातो व दुसऱ्याची उणीव भासते. बहुतेक चयापचय विकारांत आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात; मात्र त्यांना स्वतःला कोणताही त्रास नसतो.

१९३४ मध्ये नॉर्वेतील वैद्य आसब्यर्न फोलिंग यांनी मतिमंदत्व असलेल्या दोन भावंडांच्या मूत्राच्या परीक्षणावरून फेनिलकीटोन्युरिया हा विकार ओळखला. यात प्रथिनांतील फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल रक्तात साचून मेंदूला अपाय करते. हे आम्ल अत्यल्प असलेल्या आहाराने विकार आटोक्यात ठेवता येतो, हे १९५० च्या दशकात हॉर्स्ट बिकेल व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दाखवले. उपाय सापडला, पण तो वेळेवर सुरू करण्यासाठी सर्व नवजातांची तपासणी करता येईल अशी सोपी चाचणी नव्हती.

गथ्री यांचे संशोधन

गथ्री आधी कर्करोगविषयक संशोधन करीत. त्यांचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता, तर भाचीला झालेल्या फेनिलकीटोन्युरियाचे निदान ती वर्षाहून मोठी झाल्यावर, म्हणजे फार उशिरा झाले. या अनुभवांनी ते या प्रश्नाकडे वळले.

त्यांनी जीवाणूंची वाढ रोखणारे रसायन मिसळलेले पोषक माध्यम वापरले. रक्तात फेनिलॲलॅनिन जास्त असल्यास रसायनाचा प्रभाव निष्फळ ठरून रक्ताच्या ठिपक्याभोवती जीवाणूंच्या वाढीचे वलय दिसते. रक्त बाळाच्या टाचेतून घेऊन गाळणकागदावर वाळवले जाई. असा कागद टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येत असल्यामुळे लहान रुग्णालयांतील बालकांचीही तपासणी शक्य झाली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

१९७० च्या दशकात कॅनडातील जाँ द्युसो यांनी वाळलेल्या रक्तठिपक्यातूनच अवटू ग्रंथीची जन्मजात कमतरता ओळखण्याची पद्धत विकसित केली. १९९० च्या दशकापासून टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्रीमुळे एकाच ठिपक्यातून अनेक विकारांचा शोध घेता येऊ लागला.

भारतातील कार्य

भारतात १९८० मध्ये बंगळूर येथे अमिनो आम्लांच्या विकारांसाठी प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्याच दशकात मुंबईत बालसंप्रेरकतज्ज्ञ मीना देसाई व सहकाऱ्यांनी गाळणकागदावरील रक्तातून जन्मजात अवटू-न्यूनतेची तपासणी केली. गोव्यात २००८ मध्ये राज्य पातळीवरील कार्यक्रम सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच महानगरांत एक लाखाहून अधिक नवजातांची तपासणी केली. तीत सुमारे १,१३० बालकांमागे एकात अवटू-न्यूनता आढळली. हा विकार थायरॉक्सिनच्या स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात राहतो. मात्र उपचार जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणे इष्ट असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची निवडक आरोग्यस्थितींसाठी तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात अवटू-न्यूनता, सिकलसेल व बीटा थॅलेसेमिया यांचा ऐच्छिक घटक म्हणून समावेश आहे.

मर्यादा

नमुना साधारणतः जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घेतला जातो. फार लवकर घेतलेल्या नमुन्यात दूषित घटक पुरेसा साचलेला नसतो, तर अवटू-उद्दीपक संप्रेरक जन्माच्या वेळी स्वाभाविकपणेच वाढलेले असते. प्रसूतीनंतर माता लवकर घरी गेल्यास योग्य वेळ हुकते. शिवाय ही प्राथमिक चाचणी असल्याने संशयास्पद निष्कर्षाची खात्री दुसऱ्या चाचणीने करावी लागते. त्यासाठी कुटुंबाचा पत्ता लागणे, बाळाला पुन्हा रुग्णालयात आणणे आणि आहार किंवा औषध दीर्घकाळ मिळत राहणे आवश्यक असते. यांपैकी एक जरी दुवा तुटला, तरी वेळेवर झालेल्या निदानाचा बालकाला लाभ होत नाही.