अश्वशक्तीचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. येथील स्कोडाच्या कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हिया ही मोटार तयार होऊ लागली, तेव्हा या शहराचे नाव प्रामुख्याने वाळूजच्या दुचाकी आणि तीनचाकी वाहनांशी जोडलेले होते. पुढच्या पाव शतकात सुपर्ब, यती आणि त्याच उद्योगसमूहातील आउडीच्या अनेक गाड्या येथे जुळल्या. कोडियाक ही मध्यम आकाराची एसयूव्हीही याच कारखान्यात जुळते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती प्रथम भारतीय बाजारात आली. तिची दुसरी पिढी एप्रिल २०२५ मध्ये दाखल झाली, तेव्हा सात आसनांच्या या गाडीची प्रारंभीची शोरूम किंमत ४६.८९ लाख रुपये होती.

मोठ्या गाड्यांचे या शहराला अप्रूप नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील व्यापारी आणि उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या, आणि त्याची चर्चा देशभर झाली. ती खरेदी प्रतिष्ठेची होती. एकत्र कुटुंबापुढचा प्रश्न मात्र याहून साधा आणि अधिक गंभीर असतो. कचनेरच्या दर्शनाला, पैठणला किंवा पुण्याच्या लग्नकार्याला निघताना आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे, म्हणजे घराच्या तीन पिढ्या, एकाच वाहनात बसतात. अशा वेळी माहितीपत्रकातील आकडे कसे वाचावेत?

दोन गाड्या, एकच आकडा

नव्या कोडियाकमध्ये १,९८४ सीसीचे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. त्याची शक्ती २०४ अश्वशक्ती, तर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ३२० न्यूटन-मीटर आहे. महाराष्ट्रातील व्यापारी घरांत मान असलेल्या टोयोटा फॉर्च्युनरचे डिझेल इंजिन २,७५५ सीसीचे असून त्याची शक्तीही २०४ अश्वशक्तीच आहे. परंतु ऑटोमॅटिक गिअरच्या फॉर्च्युनरचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर आहे. जोरात एवढा फरक असताना शक्ती समान कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर व्यापाऱ्याला चटकन उमगेल. एक दुकानदार प्रत्येक नगावर मोठा नफा घेतो, पण त्याचा माल वर्षातून थोड्याच वेळा फिरतो. दुसरा थोड्या नफ्यावर विकतो, पण त्याचा माल झपाट्याने फिरतो. वर्षअखेरीस दोघांची कमाई सारखी निघू शकते. टॉर्क हा प्रत्येक फेऱ्यामागचा नफा, तर इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे ही मालाची फिरत समजावी. या दोहोंच्या गुणाकारातून अश्वशक्ती निघते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत मोठा जोर देते; पेट्रोल इंजिन अधिक फेरे घेऊन तेवढीच शक्ती गाठते.

पूर्वीच्या पेट्रोल इंजिनांना जोर यावा म्हणून ती गरगर फिरवावी लागत. टर्बोने ही अडचण दूर केली. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटी चक्री फिरवतो आणि ती चक्री बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळते. त्यामुळे कोडियाकचा पूर्ण टॉर्क सुमारे दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळू लागतो आणि चार हजारांच्या पुढेपर्यंत टिकतो. या इंजिनाला सात गिअरची दुहेरी क्लचची पेटी जोडलेली आहे. विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असल्याने पुढचा गिअर आधीच तयार असतो. बदल होताना गाडीचा ओढा तुटत नाही आणि मागच्या आसनावरील वृद्धांना हिसका बसत नाही.

भरल्या गाडीचा हिशेब

माहितीपत्रकातील शक्ती रिकाम्या गाडीच्या संदर्भात वाचली जाते. कोडियाकचे स्वतःचे वजन १,८०० किलोच्या घरात आहे. म्हणजे दर टनामागे सुमारे ११३ अश्वशक्ती. त्यात सात माणसे आणि थोडे सामान बसले की वजन २,३०० किलोपर्यंत पोहोचते आणि तोच आकडा ८९ वर येतो. गाडी तीच, पण तिची चपळता पाचव्या हिश्श्याहून अधिक घटलेली असते.

तरीही शक्ती कमी पडत नाही, हे कन्नडच्या घाटाचे उदाहरण घेतल्यास दिसते. पंधरा मीटर जाताना एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर २,३०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने नेण्यास चढावापुरती सुमारे २३ अश्वशक्ती लागते. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण धरले तरी हा आकडा तीसच्या आतच राहतो. उरलेली शक्ती मालमोटार ओलांडताना काही क्षण उपयोगी पडते, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाचा मोह घालते. ताशी ८० वरून १२० वर जाताना हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ ३.४ पट होते. लिटरमागे १४.८६ किलोमीटरचे प्रमाणित ॲव्हरेज अशा वेगात हाती लागत नाही, त्याचे हे कारण.

जागेचा हिशेबही असाच आहे. तिन्ही रांगा उघड्या असताना डिक्कीत २८१ लिटर जागा उरते. शेवटची रांग दुमडली की ती ७८६ लिटर होते. सात माणसे आणि सातांच्या बॅगा एकाच वेळी मावत नाहीत. टपावर सामान बांधणे हा त्यावरचा सोपा वाटणारा उपाय आहे, पण त्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर तोल बिघडतो.

चौकट, चाके आणि जमीन

फॉर्च्युनर शिडीसारख्या पोलादी चौकटीवर उभी आहे. कोडियाकचे अंग आणि सांगाडा मात्र एकसंध आहे. शिडीची चौकट खडतर वाटेवरचा पीळ सोसते. एकसंध सांगाडा वजनाला हलका असतो, डांबरी रस्त्यावर स्थिर राहतो आणि चढण्या-उतरण्यास तुलनेने ठेंगणा असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला सोयीचा पडतो. कोडियाकचे तळ आणि जमिनीतील अंतर १५५ मिलिमीटर आहे. शेतातील चाकोरीची वाट हे तिचे क्षेत्र नव्हे.

तिची चारही चाके गरजेनुसार ओढतात. एरवी बहुतांश जोर पुढच्या चाकांकडे असतो. ती घसरू लागताच मागच्या आसाजवळचा बहुपदरी क्लच आवळला जातो आणि जोर मागे वळतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडेवरून निघताना याचा उपयोग होतो. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चार चाकांची ओढ गाडी पुढे नेण्यास मदत करते, थांबवण्यास नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच.

थांबण्याचे अंतर

समृद्धी महामार्गाने या शहराचे अंतराचे गणित बदलले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. तेथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगात धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांनिशी, पूर्ण ब्रेक लावल्यावर आणखी सुमारे ७० मीटर लागतात. एकूण १०३ मीटर. ताशी १०० वर हेच अंतर ७६ आणि ८० वर ५३ मीटर असते. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर दुप्पटही होऊ शकते.

सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन आटोपण्याची घाई जैन घरांना परिचित आहे. शंभर किलोमीटरच्या टप्प्यात १०० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास दहा मिनिटे वाचतात. दहा मिनिटे आधी निघाल्यानेही ती वाचतात, आणि थांबण्यासाठीचे २७ मीटर हाती राहतात.

सुरक्षेच्या तारांकनाकडेही चौकसपणे पाहावे. नव्या कोडियाकला युरोपातील चाचणीत २०२४ मध्ये पाच तारे मिळाले. ती चाचणी युरोपीय बनावटीच्या गाडीची होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या गाडीत नऊ एअरबॅग होत्या. पण धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या रडारसारख्या चालक-साहाय्य प्रणाली नव्हत्या. शिवाय कोणतीही एअरबॅग पट्टा बांधलेल्या प्रवाशासाठीच योजलेली असते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या नातवाचा पट्टा तपासणे, आणि निघण्यापूर्वी दाराजवळच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा टायरात भरणे, ही दोन कामे कुटुंबानेच करावयाची आहेत. कमी हवेचा टायर लवचिकतेने तापतो. मराठवाड्याच्या उन्हात, सिमेंटच्या रस्त्यावर आणि भरल्या गाडीखाली तो फुटण्याचा संभव सर्वाधिक असतो.

वहीतील नोंद

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे. गाडी फर्मच्या नावे घेतली तरी, तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनावरील या कराचे इनपुट क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. प्राप्तिकरात व्यवसायाच्या वापरापुरता १५ टक्के घसारा घटत्या शिल्लकेवर मिळतो. शंभर रुपयांची नोंद तीन वर्षांनी ६१ रुपयांवर येते. कर वाचतो म्हणून मोठी गाडी घ्यावी, हा युक्तिवाद फार ताणण्यासारखा नाही.

शहराजवळच्या बिडकीन येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी टोयोटाने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. येथील माणसाच्या दारी निवडीचे पर्याय पुढेही वाढत जातील. शोरूममधील चाचणी बहुधा ग्राहक आणि विक्रेता अशा दोघांतच, सपाट रस्त्यावर उरकली जाते. लाखांचा धनादेश फाडण्यापूर्वी ती घरच्या सातही माणसांना बसवून करावी. आजीला स्वतःहून चढता येते का, तिसऱ्या रांगेत मुलांचे गुडघे अडतात का, आणि भरलेली गाडी ब्रेक लावल्यावर कुठे थांबते, हे तीन आकडे माहितीपत्रकात छापलेले नसतात.